मी लावलं नाही

आमच्या शेताला आमचं नाव नाही.
आम्ही मोसी, उत्तरेकडचे.
तिकडची माती दगड झाली तेव्हा
सासऱ्यानं सायकलला तवे-टोपल्या बांधल्या
आणि या ब्वा लोकांच्या गावात येऊन
बिहूनच्या बापापुढे दोन कोंबड्या ठेवल्या,
मूठभर कोलाची फळं.
तो म्हणाला, पेरा.
ज्वारी पेरा, तीळ पेरा, भुईमूग पेरा.
झाड लावू नका.

एवढाच करार. कागद नाही, शाई नाही.
साक्षीला एक शियाचं झाड होतं.
त्याचंच, अर्थात.

झाड म्हणजे इथं सही.
ज्वारी येते नि जाते, तिचं कोण मनावर घेतं?
आंबा उभा राहतो,
आणि उभ्या राहिलेल्याला लोक विचारू लागतात,
तू कुणाचा?

सत्तावीस सुगी झाल्या.
दर वर्षी कापणी सरली की माझा नवरा नोआगा
पांढरा कोंबडा काखेत मारून जातो
(त्याच्या नावाचा अर्थही कोंबडाच, गाव हसतं)
आणि बापानं विचारलेलं तेच विचारतो :
पुढल्या साली पेरू?
बिहून जरा वेळ गप्प राहतो.
त्या जरा वेळात
मनातल्या मनात माझी भांडी बांधून होतात.

खताचं सांगते.
शेळ्यांच्या वाड्यामागे ढीग आहे, काळाभोर, वाफाळता.
कृषी खात्याची बाई आली होती मोटरसायकलवर.
म्हणाली, वीतभर खड्डे घ्या, त्यात खत घाला,
उताराला दगडांची ओळ लावा, दुप्पट पिकेल.
सगळ्यांनी माना हलवल्या.
तिला कोण सांगणार,
दुप्पट पिकलं की शेत डोळ्यांवर येतं!
यंबानं तीन वर्षं खत वाहिलं.
चौथ्या वर्षी मालकाच्या पुतण्याला
एकाएकी शेतीची आठवण झाली.
म्हणून आम्ही खत घालतो, पण मधोमध,
रस्त्यावरून दिसणार नाही असं.
कडेची ज्वारी मुद्दाम किरटी ठेवतो.

बिहूनला मी वाईट म्हणणार नाही.
त्यालाही झोप नाही.
धाकटा मुलगा शहरातून सिमेंटचे चार खुंट घेऊन आला,
म्हणाला, लिहून घ्या आधी,
नाहीतर ही बाहेरची माणसं उद्या म्हणतील, आमचंच.
खुंट अजून त्याच्या ओसरीत पडलेत,
त्यांवर पोरं बसतात.
एकच शेत,
त्याला दोन घरं भितात.

मुलगा झाला तेव्हा नाव मी ठेवलं : टिगा.
आमच्या भाषेत टिगा म्हणजे झाड.
बिहून बारशाची लापशी खायला आला होता.
नाव ऐकून हसला.
पोको, म्हणाला, हे एक चालेल.

याच टिगानं सहाव्या वर्षी आंबा खाल्ला
आणि कोय टाकली टोमॅटोच्या मोठ्या डब्यात,
ज्यात मी कांद्याची रोपं धरते.
उगवली. तांबूस, ओली, लोंबती पानं.
उपटायला हात घातला
आणि तसाच मागे घेतला.
मग माझा मीच कायदा केला :
जे डोक्यावर घेऊन चालता येतं
ते झाड नव्हे, सामान.
डबा ठेवला शेताच्या कडेला, पाण्याच्या माठापाशी.
दर वर्षी वाटायचं, यंदा उचलून बघू.

परवा बिहून आला, भर उन्हाचा.
बसायला सावली शोधत होता. सुपाएवढी होती.
डबा जरा सरकव, म्हणाला.
मी धरला. हलेना.
त्यानं दुसऱ्या बाजूनं हात घातला.
दोघं वाकलेलो, डब्याला मिठी मारल्यासारखे,
आणि पत्र्याचं बूड केव्हाच गंजून गेलेलं.
खाली जे काही होतं
ते आम्हा दोघांपेक्षा घट्ट होतं.

मी लावलं नाही, मी म्हटलं.

बघतोय, तो म्हणाला.

मग तिथंच टेकला, अर्धा उन्हात,
आणि पाणी मागितलं.
मी तुंबा भरून दिला.
प्यायला. बराच वेळ काही बोलला नाही.
तुंब्यात उरलेलं त्यानं,
सवयीनंच असेल,
डब्यात ओतलं.